अमेरिकेत गैरहजेरीत डिपोर्टेशनचा आदेश झाला आणि मुदतही उलटली: आता तिकडे काय करायचं, इथून काय पाठवायचं

निपाणीहून आलेल्या प्रश्नाचा गोषवारा असा. धाकटा भाऊ २०१८ साली विद्यार्थी व्हिसावर न्यू जर्सीला गेला. शिक्षण झालं, कामाची परवानगी संपली, २०२१ नंतर स्टेटस राहिलं नाही. पुढे इमिग्रेशन कोर्टात केस लागली. दरम्यान त्याने घर बदललं. एका कन्सल्टंटने ऑनलाइन पत्ता बदलून दिला आणि ‘आता काळजी नाही’ म्हणून सांगितलं. तारखेची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, भाऊ हजर झाला नाही आणि त्याच दिवशी डिपोर्टेशनचा आदेश निघाला. आदेशाला सात महिने झालेत, कळून तीन आठवडे. तारखेच्या आठवड्यात वडिलांची बेळगावात बायपास झाली होती. असायलमचा, म्हणजे मायदेशी छळाची भीती म्हणून आश्रय मागण्याचा, अर्ज कधी भरलेलाच नाही. तिकडचा वकील म्हणतो की ९० दिवस गेले, १८० दिवसही गेले. मग काही उरलंय का, आणि घरच्यांनी इथून काय पाठवायचं?

उरलंय, पण वाट अरुंद आहे. सगळ्यात आधी इथल्या कोर्टाची सवय बाजूला ठेवा. आपल्याकडे एकतर्फी हुकूमनामा झाला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली तो रद्द करून घ्यायचा अर्ज टाकतात आणि सोबत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा. कारण बरं असेल तर कोर्ट बहुतेकदा सांभाळून घेतं. म्हणून बेळगाव, चिकोडीचे वकील असं प्रकरण ऐकल्यावर पहिलं वाक्य म्हणतात, ‘उशिराचं कारण चांगलं लिहा, होईल.’ अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात सगळ्याला लागू पडणारं असं कलम ५ नाही. प्रत्येक मुदतीचा अपवाद वेगळा, त्याचा पुरावा वेगळा. एका मुदतीला चालणारं कारण दुसरीला अजिबात चालत नाही. तेव्हा उशीर का झाला हे लिहायला बसण्याआधी नेमकी कोणती मुदत चुकली आणि ती कोणत्या तारखेपासून मोजायची, हे ठरवायचं.

तुमच्या भावाच्या बाबतीत तीन मुदती एकमेकींत गुंतल्यात. गैरहजेरीतला आदेश त्याच दिवशी अंतिम होतो. त्या दिवसापासून केस पुन्हा उघडण्याच्या साध्या मोशनला (म्हणजे न्यायाधीशाकडे करायच्या लेखी अर्जाला) ९० दिवस. ‘येताच आलं नाही, कारण तसंच गंभीर होतं’ असं म्हणून आदेश रद्द करून मागायला १८० दिवस. आणि ‘मला नोटीसच मिळाली नाही’ असं असेल तर मुदतच नाही, आदेशाला सात महिने होवोत की सात वर्षं. वकिलाने सांगितलेल्या दोन मुदती खऱ्या आहेत. तिसऱ्या वाटेबद्दल तो बोलला नसेल तर त्याला थेट विचारा.

एक सापळा इथेच सांगतो. अशा आदेशावर सरळ इमिग्रेशन अपील बोर्डाकडे अपील करायचं नसतं. आधी त्याच न्यायाधीशाकडे आदेश रद्द करण्याचं मोशन टाकायचं, ते फेटाळलं तरच त्या फेटाळणीवर अपील. ‘वरच्या कोर्टात जाऊ’ म्हणत लोक महिना घालवतात आणि हातात काही येत नाही.

आता नोटिशीकडे येऊ. या प्रकरणाचा जीव तिथेच आहे.

केस सुरू होते ती ‘नोटीस टू अपिअर’ नावाच्या कागदाने. तिच्या शेवटच्या भागात ‘सर्टिफिकेट ऑफ सर्व्हिस’ असतं. त्यात छोट्या चौकटी असतात: हातात दिली, सर्टिफाइड पोस्टाने पाठवली, की साध्या पोस्टाने. खाली अधिकाऱ्याची सही, आणि हातात दिली असेल तर भावाचीही सही. तिथेच एक ओळ असते की तारखेची वेळ, जागा आणि न आल्यास होणारे परिणाम अमुक भाषेत तोंडी सांगितले. भावाला सांगा, हे पान शोध आणि त्याचा फोटो पाठव. केस कुठे जाणार हे त्या चौकटीवर ठरतं.

हातात दिली असेल तर पत्ता बदलल्यावर पाच दिवसांत कोर्टाला कळवण्याची सूचना त्याला मिळालेली होती, असं धरलं जातं. न कळवता घर बदललं आणि जुन्या पत्त्यावर नोटीस गेली, तर कायदा म्हणतो की नोटीस मिळाल्यासारखीच आहे. अशा वेळी ‘मिळाली नाही’ एवढं म्हणून भागत नाही. पण ती मूळ नोटीसच साध्या पोस्टाने जुन्या घरी गेली असेल आणि त्याच्या हातात कधी पडलीच नसेल, तर पत्ता कळवायची जबाबदारी त्याला कोणी समजावलीच नव्हती. इमिग्रेशन अपील बोर्डाने २००१ साली ‘मॅटर ऑफ जी-वाय-आर’ मध्ये हेच म्हटलं: ती सूचना ज्याला पोचली नाही त्याच्याविरुद्ध पत्त्याच्या चुकीवर गैरहजेरीचा आदेश काढता येत नाही.

मग कन्सल्टंटने ऑनलाइन केलं ते काय? बहुधा एआर-११. हा फॉर्म इमिग्रेशन सेवा विभागाकडे जातो, तोही पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत भरायचा असतो. कोर्ट वेगळ्या खात्याखाली येतं, त्याचा फॉर्म वेगळा: ईओआयआर-३३. एक भरला म्हणून दुसरीकडे पत्ता बदलत नाही. आपल्याकडे आधारवर पत्ता बदलला म्हणून रेशन कार्डावर आपोआप बदलत नाही, तसंच. ही चूक फार जणांची होते. तरीही एआर-११ ची पावती फेकू नका. तिच्यावरची तारीख आणि सरकारने मूळ नोटीस कोर्टात दाखल केल्याची तारीख शेजारी ठेवून बघा. पत्ता आधी कळवला होता आणि तरी सरकारने नंतर जुनाच पत्ता लिहून केस दाखल केली असेल, तर युक्तिवादाला चांगली धार येते. उलट असेल तरी भाऊ लपत नव्हता एवढं त्या पावतीने दिसतं, आणि तेही उपयोगी पडतं.

साध्या पोस्टाने गेलेली नोटीस पोचली असं गृहीत धरलं जातं, पण हे गृहीतक सर्टिफाइड पोस्टाइतकं पक्कं नसतं. २००८ च्या ‘मॅटर ऑफ एम-आर-ए’ मध्ये बोर्डाने काय काय बघायचं ते सांगितलंय: स्वतःचं प्रतिज्ञापत्र, त्याच घरात राहणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, आधीच्या तारखांना हजर होता का, कोर्टात यायला त्याचा काही फायदा होता का, आणि आदेश कळल्यावर किती तत्परतेने हालचाल केली. यातली प्रत्येक गोष्ट कागदावर दाखवता आली पाहिजे. दोन्ही घरांचे भाडेकरार, वीज किंवा फोनची बिलं, अमेरिकन पोस्टाकडे टपाल वळवायला दिलेल्या अर्जाची पोच, जुन्या घरातल्या रूममेटने लिहून दिलेलं की अमुक महिन्यापासून हा इथे राहत नव्हता आणि कोर्टाचं पाकीट मी पाहिलं नाही किंवा पाहिलं तेव्हा काय केलं. कोर्टाच्या फाइलमध्ये कधी कधी ‘पत्त्यावर मिळाले नाही’ असा शिक्का मारून परत आलेलं पाकीटच सापडतं. ते सापडलं तर मोठी गोष्ट. म्हणून वकिलाने पहिल्याच आठवड्यात संपूर्ण केस फाइल मागवून बघितली पाहिजे. फाइल न बघता लिहिलेलं मोशन अंदाजावर लिहिलेलं असतं.

ऑनलाइन वाचून बरेच जण आणखी एक आशा धरतात: मूळ नोटिशीवर तारीख-वेळ लिहिलेली नव्हती, म्हणून ती बेकायदा. २०१८ आणि २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी तसा मार्ग उघडल्यासारखं वाटलं होतं. पण जून २०२४ मध्ये ‘कॅम्पोस-चावेस’ निकालात त्याच कोर्टाने सांगितलं की नंतर तारखेची रीतसर नोटीस दिली असेल तर गैरहजेरीचा आदेश त्या कारणावर रद्द होत नाही. जुना सल्ला देणारे अजून भेटतात. त्यावर पैसे घालू नका.

आता वडिलांच्या बायपासचं. कायद्यात गैरहजेरीची जी ‘असाधारण’ कारणं दिलीत त्यात स्वतःचं गंभीर आजारपण, तसंच नवरा-बायको, मूल किंवा आई-वडील यांचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू ही स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे बेळगावातलं ऑपरेशन कारण म्हणून गैरलागू नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे हे कारण १८० दिवसांच्या आतलं, आणि ते दिवस संपले. दुसरी अडचण जास्त मोठी: न्यायाधीश विचारणार की वडील बेळगावच्या हॉस्पिटलात असताना न्यू जर्सीतला मुलगा तासाभरावरच्या कोर्टात का आला नाही? ‘डोकं ठिकाणावर नव्हतं’ हे खरं असलं तरी कागदावर ते फार हलकं दिसतं. शिवाय नोटीस मिळालीच नव्हती असंही म्हणायचं आणि वडिलांमुळे आलो नाही असंही म्हणायचं, तर दोन्ही विधानं एकमेकांना खातात. तारीख माहीतच नव्हती, तर वडिलांचा आजार हे न येण्याचं कारण कसं? माझं मत विचाराल तर डिस्चार्ज समरी फाइलला लावा, पण मुख्य कारण म्हणून मांडू नका. नोटिशीचा मुद्दा तिच्यामुळे पातळ होतो.

मुदत उलटली तरी ती वाढवून घ्यायचा आणखी एक रस्ता आहे, त्याला ‘इक्विटेबल टोलिंग’ म्हणतात. न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटच्या अपील कोर्टाखाली येतं आणि तिथे ही संकल्पना मान्य आहे. दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात: आपल्या हाताबाहेरचं काहीतरी आडवं आलं, आणि आपण स्वस्थ बसलो नाही. पहिल्या गोष्टीत कन्सल्टंटने चुकीचं सांगणं बसू शकतं. दुसऱ्या गोष्टीत बहुतेक केसेस मरतात. कळल्यापासून तीन आठवडे झालेत म्हणता. त्या तीन आठवड्यांतल्या प्रत्येक दिवसाचा हिशोब मागितला जाईल असं समजूनच तयारी करा. कोणत्या दिवशी कोणाला फोन केला, कोणत्या वकिलाशी कधी बोललो, फाइल कधी मागवली, पैसे कधी भरले. आजपासून भावाला एक वही घालायला सांगा, आणि मागच्या तीन आठवड्यांचे कॉल लॉग, ईमेल, बँकेच्या नोंदी आताच उतरवून ठेवायला सांगा.

चूक सल्लागाराची असेल तर १९८८ च्या ‘मॅटर ऑफ लोझाडा’ चे नियम पाळावे लागतात. भावाने सविस्तर प्रतिज्ञापत्रात लिहायचं की काय ठरलं होतं, किती पैसे दिले, काय सांगितलं गेलं आणि काय झालं नाही. त्या माणसाला लेखी कळवायचं की तुझ्यावर असा आरोप करतोय, उत्तर दे, आणि उत्तराला वाजवी वेळ द्यायचा. तो वकील असेल तर त्याच्या राज्याच्या बारकडे तक्रार करायची, नाही केली तर का नाही ते लिहायचं. तुमच्याकडच्या प्रश्नात तो वकील होता का हे स्पष्ट नाही. नसेल तर बार तक्रार लागू पडत नाही, पण मग तो वकील म्हणून वावरत होता का, भावाला काय वाटत होतं, पावती कोणत्या नावाने दिली, हे सगळं पुढे येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं त्याचं ‘नो वरी, अ‍ॅड्रेस अपडेट डन’ असा एखादा मेसेज सापडला तर तो नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. फोन बदलला की हे मेसेज जातात, म्हणून आजच.

आता तुमचा भाग, म्हणजे निपाणी-बेळगावहून काय पाठवायचं. इथे चुका जवळजवळ ठरलेल्या असतात.

कोर्टाच्या आवारात जाऊन बाँड पेपरवर इंग्रजीत टाइप केलेलं अ‍ॅफिडेव्हिट, खाली आईची मराठीत सही, वर नोटरीचा लाल शिक्का. दिसायला भक्कम. पण आईला इंग्रजी येत नाही हे सहीवरूनच कळतं, आणि मग हा मजकूर तिचा कशावरून? अमेरिकन इमिग्रेशन कोर्टाचा नियम असा की इंग्रजी न येणाऱ्याने इंग्रजी प्रतिज्ञापत्रावर सही केली असेल तर ते त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवलं, असं वाचून दाखवणाऱ्याचं प्रमाणपत्र सोबत लागतं. त्यापेक्षा सरळ उपाय: आईने जे माहीत आहे ते मराठीत सांगावं, कोणीतरी तसंच्या तसं मराठीत लिहावं, तिने सही करावी, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर वेगळ्या कागदावर जोडावं. भाषांतर करणाऱ्याने खाली लिहायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर खरं व अचूक आहे. नाव, पत्ता, फोन, तारीख, सही. त्यासाठी सरकारमान्य भाषांतरकारच पाहिजे असं नाही, पण शक्यतो सख्खा नातेवाईक नको.

स्टॅम्प पेपर आणि नोटरी नसली तरी चालतं. अमेरिकन कायद्यात शपथेऐवजी लेखी घोषणा चालते. मात्र ती अमेरिकेबाहेर सही केलेली असेल तर ‘अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या कायद्यांनुसार खोट्या साक्षीच्या शिक्षेस पात्र राहून’ हे शब्द त्यात असलेच पाहिजेत. फक्त ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ या आपल्या नेहमीच्या शेवटाने काम होत नाही. सहीची तारीख लिहायची. गावही लिहा.

मजकूर काय असावा? आईला स्वतःला माहीत आहे तेवढंच. ‘माझा मुलगा अतिशय गुणी, आज्ञाधारक’ याची दोन पानं कोणी वाचत नाही. ‘ऑपरेशनच्या दिवसांत तो रोज रात्री फोन करत होता, कोर्टाच्या तारखेबद्दल तेव्हा काही बोलला नाही, गणपतीनंतर एके दिवशी फोनवर रडत म्हणाला, माझ्यावर आदेश निघालाय असं आज कळलं’ हे एक वाक्य जास्त मोलाचं आहे. त्याला कधी कळलं याचा बाहेरचा साक्षीदार तिथे तयार होतो. मग त्या दिवसाचा कॉल लॉग, त्या रात्रीचे घरच्या ग्रुपवरचे मेसेज. रोमन अक्षरांत टाइप केलेलं मराठीही कोर्टाच्या लेखी परकी भाषाच आहे, त्याचंही भाषांतर लागतं. इमोजी सोडा, पण मजकूर वगळून सोयीचं तेवढंच भाषांतर करू नका. पूर्ण संवाद द्या.

सीमाभागातल्या कागदांची एक वेगळीच गंमत असते. शाळेचा जुना दाखला मराठीत, नाडकचेरीचा आणि तहसीलदारांचा कागद कन्नडमध्ये, पोलीस ठाण्याचा एफआयआर कन्नडमध्ये, डिस्चार्ज समरी इंग्रजीत. पासपोर्टवर जन्मठिकाण ‘बेळगाम’, नव्या दाखल्यावर ‘बेळगावी’, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदललं. मराठीत पूर्ण नाव-वडिलांचं नाव-आडनाव, कन्नड कागदावर आडनाव गायब किंवा नुसतं आद्याक्षर. वडील घरात ‘अण्णासाहेब’, आधारवर दुसरंच. तिकडचा सरकारी वकील हे सगळं माणूसच वेगळा असल्याचा पुरावा म्हणून दाखवू शकतो. उपाय सोपा: एका घोषणेत सगळी नावं आणि गावाची दोन्ही नावं देऊन ही एकच व्यक्ती, एकच ठिकाण असं लिहा, आणि भाषांतरकाराला सांगा की स्पेलिंग मूळ कागदाप्रमाणेच ठेव, स्वतःच्या मनाने सारखं करू नकोस. कन्नडचं भाषांतर मराठी माणसाने मराठीतून वळसा घालून करू नये. थेट कन्नड-इंग्रजी येणारा शोधा, आपल्याकडे ते अवघड नाही.

मूळ कागद घाईघाईने कुरिअरने पाठवायचं कारण नाही. तिकडे वकिलांना ऑनलाइनच दाखल करावं लागतं, स्पष्ट स्कॅन पुरतो. मोबाइलने सावलीत काढलेला तिरपा फोटो नको, पानाच्या मागच्या बाजूचा शिक्काही स्कॅन करा. मूळ प्रती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घरी जपून ठेवा, सुनावणीला मागितल्या तर लागतील.

मोशन दाखल करताना फी. जुलै २०२५ च्या कायद्याने या फिया अनेक पटींनी वाढल्या. आधी इमिग्रेशन न्यायाधीशाकडे मोशनला १४५ डॉलर पडत, आता ९०० डॉलरच्या पुढे. नोटीस न मिळाल्याच्या कारणावर टाकलेल्या मोशनला मात्र त्या वाढीव फीतून सूट आहे, म्हणून मोशनच्या पहिल्या पानावरच कोणत्या कारणावर आहे ते ठळक लिहिलेलं असावं. फीची पावती किंवा सूट नीट न दाखवल्याने कागद परत येतात आणि परत येण्यात गेलेले दिवस आपल्या खात्यात पडतात. वडिलांच्या खात्यातून पैसे पाठवायचे असतील तर बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म आणि पॅन लागतं, तेव्हा शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आणि तिकडची मुदत तिकडच्या तारखेने चालते: निपाणीत सोमवार उजाडतो तेव्हा न्यू जर्सीत रविवारची संध्याकाळ-रात्र असते. कागदावर दाखल करत असाल तर पोस्टात टाकल्याची तारीख धरत नाहीत, कोर्टाला मिळाल्याची धरतात. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस धरला जातो.

आदेश रद्द करण्याचं मोशन एकदाच टाकता येतं. म्हणून घाईत अर्धवट टाकू नका, आणि तत्परताही दाखवायची आहे, तेव्हा महिनोन्‌महिने पुरावा जमवत बसू नका. तीन-चार आठवड्यांत फाइल पाहून, प्रतिज्ञापत्रं जोडून दाखल व्हायला हवं. जोडायचं ते असं: वकीलपत्राचा ईओआयआर-२८, नव्या पत्त्याचा ईओआयआर-३३ (हा विसरतात आणि पुढची नोटीस पुन्हा जुन्या घरी जाते!), आदेशाची प्रत, भावाची सविस्तर घोषणा, क्रमांक घातलेल्या निशाण्या, आदेशावर कुठल्या वरच्या कोर्टात काही चालू आहे का याचं विधान, न्यायाधीशाने सही करायचा मसुदा आदेश, आणि सरकारी वकिलाला प्रत दिल्याचा दाखला.

हे मोशन न्यायाधीशापुढे असेपर्यंत डिपोर्टेशनला आपोआप स्थगिती असते. साध्या ९० दिवसांच्या मोशनला ती नसते, त्यासाठी वेगळी स्थगिती मागावी लागते. आपोआप असली तरी पकडायला आलेल्या अधिकाऱ्याला ते ठाऊक असेलच असं नाही, म्हणून दाखल केल्याची पोच भावाने खिशात आणि फोनमध्ये दोन्हीकडे ठेवावी, आणि वकिलाचा नंबर पाठ असावा.

असायलमबद्दल थोडक्यात पण स्पष्ट. अमेरिकेत शेवटचं पाऊल ठेवल्यापासून एका वर्षात आय-५८९ हा असायलमचा फॉर्म भरायचा असतो. कायदेशीर स्टेटस चालू असताना हे वर्ष चुकलं तर ते असाधारण कारण मानतात, पण स्टेटस गेल्यावर ‘वाजवी’ काळात अर्ज यायला हवा. सहा महिन्यांच्या पुढे गेलं की समजावणं कठीण होत जातं. २०२१ पासून इतकी वर्षं म्हणजे ते दार जवळपास बंद. वर्षाची अट नसलेली दोन संरक्षणं राहतात, ‘विथहोल्डिंग’ (धोका असलेल्या देशात परत न पाठवणं) आणि छळविरोधी करार. तिथे धोका निम्म्याहून जास्त शक्यतेने दाखवावा लागतो, आणि त्यातून ग्रीन कार्ड मिळत नाही.

आणि कोणी सुचवत असेल की सीमाप्रश्नाच्या नावाने अर्ज भरा, काळ्या दिनाच्या फेरीतले फोटो जोडा, तर तिथेच थांबवा. सीमाभागात मराठी माणसावर आंदोलनाच्या केसेस होतात हे खरं आहे. पण न्यायाधीशाचा पहिला प्रश्न असेल: कोल्हापूर किंवा पुण्यात जाऊन का राहिला नाहीस? निपाणीहून कोल्हापूर तासाभराचं. देशातच सुरक्षित जागी राहणं शक्य आणि वाजवी असेल तर दावा तिथेच कोसळतो. त्याहून वाईट म्हणजे जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचा निष्कर्ष निघाला तर इमिग्रेशनचे जवळजवळ सगळे लाभ कायमचे बंद होतात. बनावट एफआयआर विकणाऱ्यांना तर दारातही उभं करू नका.

तो व्हिसावर रीतसर आत आलेला असल्यामुळे उद्या अमेरिकन नागरिकाशी खरंखुरं लग्न झालं तर ग्रीन कार्डचा रस्ता असू शकतो. तोंडी इशारा समजेल अशा भाषेत दिलेला असेल आणि गैरहजेरीचा आदेश तसाच राहिला, तर तो रस्ता दहा वर्षं बंद. म्हणूनच मघाच्या सर्टिफिकेटवरची भाषेची ओळ महत्त्वाची.

‘मरू दे, परत येऊ दे त्याला’ असं घरात कोणीतरी म्हणणारच. परत येणं हा निर्णय चुकीचा नाही, पण क्रम चुकला तर महागात पडतो. आदेश डोक्यावर असताना तिकीट काढून निघाला तर तो डिपोर्ट झाला असंच धरतात: दहा वर्षं प्रवेशबंदी, वर सुनावणी चुकवल्याची पाच वर्षांची वेगळी बंदी लागू शकते. आधी आदेश रद्द करून घेतला आणि मग स्वेच्छेने देश सोडायची परवानगी मागितली, तर नावावर डिपोर्टेशन राहत नाही. ती परवानगी सुरुवातीलाच मागितली तर १२० दिवसांपर्यंत, सुनावणीच्या शेवटी मागितली तर ६० दिवसांपर्यंत मिळते. त्या दिवसांत निघायचंच, नाहीतर दंड आणि पुन्हा दहा वर्षांची अडचण. वडिलांची तब्येत बिघडली म्हणून अचानक निघायची वेळ आली तर विमानतळावर जाण्याआधी वकिलाशी बोलायला सांगा, अर्धा तास का असेना.

मोशन मंजूर झालं तर केस पुन्हा पहिल्या तारखेपासून सुरू होते. भावाने आठवड्यातून एकदा आपला नऊ आकडी ए-नंबर (इमिग्रेशन फाइलचा क्रमांक) टाकून कोर्टाच्या माहिती यंत्रणेवर तारीख बघावी. पोस्टातल्या नोटिशीवर एक तारीख आणि ऑनलाइन दुसरी दिसली तर वकिलाकडून कोर्टात विचारून घ्यावं, आणि उत्तर मिळेपर्यंत दोन्ही तारखांना हजर राहायची तयारी ठेवावी.